एक लाख लुमेनचा टॉर्च, आतून पोकळ

टॉर्चच्या खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या: 1,00,000 लुमेन (एकूण उजेडाचं माप), 9900 एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सेल आणि ‘टी6 एलईडी’. पहिल्या दोन धादांत खोट्या निघाल्या, तिसरी दिशाभूल करणारी.

लावल्यावर सुरुवातीला उजेड बरा पडला. मग झोत फिका होत गेला, त्यात निळसर झाक आली. टॉर्च मात्र हाताला गारच. जाहिरातीत हाच गुण म्हणून सांगितला होता, ‘कितीही वेळ लावा, तापणार नाही’. खरं तर शंका इथेच यायला हवी. पॉवर एलईडीत जाणाऱ्या विजेपैकी निम्मी, बरेचदा त्याहून जास्त, उष्णतेत जाते. जुन्या बल्बची उष्णता झोताबरोबर बाहेर पडायची. एलईडीची मागच्या धातूतून टॉर्चच्या अंगात उतरावी लागते. त्यामुळे दणदणीत उजेड देणारा टॉर्च तापतोच. गार राहिला तर एलईडीला पुरेशी वीज मिळत नाही, नाहीतर उष्णता आतच कोंडते. मी पुढचा भाग फिरवून उघडला. एलईडीची गोल पट्टी नुसती कडेवर टेकवलेली, खाली पोकळी, उष्णता धातूत उतरवणाऱ्या थर्मल पेस्टचा मागमूस नाही. एलईडी आतल्या आत भाजत होता.

मग सेल डिजिटल काट्यावर ठेवला. 29 ग्रॅम! चांगला 18650 सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. 18650 म्हणजे 18 मिमी व्यास आणि 65 मिमी लांबी. एवढ्या नळकांड्यात नावाजलेल्या कंपन्या साधारण 2500 ते 3600 एमएएच बसवतात, 9900 बसूच शकत नाही. टेस्टरवर माझा सेल हजाराच्या जरा वर गेला आणि संपला.

लुमेनचा हिशोब तर कागदावरच कोसळतो. चांगला पांढरा एलईडी एका वॅटला 150 लुमेनच्या आसपास देतो. म्हणजे लाख लुमेनला साडेसहाशेहून जास्त वॅट हवेत. उत्तम 18650 सेलमध्ये 11-12 वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे तो जेमतेम मिनिटभर पुरेल. त्यासाठी 180 अँपिअरच्या वर करंट लागेल, तो या सेलमधून निघणारच नाही.

‘टी6’ ही तर क्री कंपनीच्या एक्सएम-एल एलईडीच्या उजेडाची प्रतवारी. अस्सल टी6 700 मिलिअँपिअरला 280 लुमेनच्या वर देतो आणि 3 अँपिअरला हजाराच्या आसपास पोचतो. खोक्यावरचा लाखाचा आकडा आणि हा टी6 एकमेकांनाच खोटं पाडतात.

विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, ‘ते टेस्टिंग कंडिशनचे लुमेन आहेत.’ कोणती कंडिशन, ते सांगेना. नंतर निरोप आला की रिव्ह्यू काढा, अर्धे पैसे परत देतो. मी रिव्ह्यू काढला नाही.

टॉर्च घेताना एएनएसआय एफएल1 या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकाचे आकडे दिलेत का पाहा. त्यात लुमेन लावल्याबरोबर मोजत नाहीत, 30 सेकंदांनंतर मोजतात. पण चालण्याचा वेळ उजेड 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात, तेव्हा ‘1000 लुमेन, 5 तास’ म्हणजे पाचही तास हजार नव्हे. लांबचं बघायचं असेल तर लुमेनपेक्षा कँडेला, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्याचं माप, महत्त्वाचा. 10,000 कँडेलाचा झोत मानकाप्रमाणे 200 मीटर जातो, आणि तिथे उरतो तो पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड.

उजेड कमी मिळाला, ते एकवेळ सोसता येईल. पण सोबतचा चार्जर 4.2 व्होल्टला, म्हणजे सेल पूर्ण भरल्यावर, थांबलाच नाही. मीटरवर आकडा 4.3 च्या पुढे सरकताना पाहिला आणि मी सेल ओढून काढला. लिथियम सेल असा भरत राहिला तर पेटू शकतो, आणि लोक हे रात्रभर उशाशी चार्जिंगला लावून झोपतात. तुमच्याकडे असा चार्जर असेल तर आजच वापरणं थांबवा. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या, साध्या कचऱ्यात टाकू नका.