काडिकॉयची 'चिया सोफ्रासी': पातेली बघून ठरवा, मग जेवा

इस्तंबूलला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी एकच आग्रह करते. एक दुपार मोकळी ठेवा, एमिनोन्युच्या धक्क्यावर बोटीत बसा आणि पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावर, काडिकॉयला, 'चिया सोफ्रासी'मध्ये जेवून या. मशिदी, राजवाडे, झाकलेला बाजार हे सगळं तुम्ही बघणारच आहात. पण तुर्कस्तानच्या खेड्यापाड्यांत चुलीवर काय शिजतं ते चाखायचं असेल, तर एवढं पाणी ओलांडायलाच हवं.

बोटीला साधारण वीस मिनिटं लागतात. ट्राम-मेट्रोचं इस्तंबूलकार्ट हिलाही चालतं. उघड्या डेकवर जागा मिळाली तर सोडू नका. डावीकडे पाण्याच्या अगदी काठावर हैदरपाशा स्टेशनची जुनी दगडी इमारत दिसली की काडिकॉय आलं म्हणून समजा. धक्क्यावरून सरळ बाजारात शिरायचं. मासळीवाले, लोणच्यांच्या उंच बरण्या, ऑलिव्हच्या राशी आणि त्या गजबजाटातच ग्युनेश्लीबाहचे नावाची गल्ली. चियाची एकाहून जास्त दुकानं याच गल्लीत आहेत, त्यात कबाबवाली वेगळी. आपल्याला हवं ते पातेल्यांचं दुकान, म्हणून पाटीवर 'सोफ्रासी' वाचूनच आत जा.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी आई. नवऱ्याला काहीही चालतं, आई मात्र अंडंसुद्धा खात नाही. परदेशात तिच्या जेवणाची मला सतत काळजी असते, कारण ती तक्रार करत नाही, गुपचूप ब्रेड आणि काकडी खाऊन उठते. सुल्तानअहमद भागात तर एका हॉटेलात न मागता टेबलावर आणून ठेवलेल्या वाट्यांचे पैसे बिलात लावले होते, आणि आईच्या सूपमध्ये मटणाचा रस्सा निघाला. तिने चमचा खाली ठेवला तेव्हा मला रडायला आलं होतं.

चियामध्ये मेन्यूकार्डाशी झटावं लागत नाही. एका बाजूला थंड पदार्थांचं टेबल असतं. ताटली घ्यायची, हवं ते हवं तेवढं वाढून घ्यायचं, ताटली वजनकाट्यावर ठेवायची, वजनाप्रमाणे पैसे. दुसऱ्या बाजूला गरम पातेली आणि त्यामागे डाव घेऊन उभा असलेला माणूस. बोट दाखवा, तो वाढतो. 'आझ' म्हणालात की कमी वाढतो, आणि तसंच करा, म्हणजे एका जेवणात चार-पाच चवी घेता येतात. आज काय असेल ते ऋतूवर आणि बाजारात काय आलंय त्यावर ठरतं. त्यामुळे मी खाल्लं ते तुम्हाला मिळेलच असं नाही.

याचे मालक मुसा दाअदेविरेन हे गाझिआन्तेपजवळच्या निझिपचे. 1987 साली त्यांनी इथे कबाबचं दुकान काढलं आणि पुढे पातेल्यांची ही खानावळ. गावोगाव फिरायचं, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून त्यांची पाककृती लिहून घ्यायची आणि ती इथे रांधून लोकांच्या पानात वाढायची, हे काम ते वर्षानुवर्षं करत आलेत. तुर्की, कुर्दी, अर्मेनियन, अरब अशा सगळ्या घरांतले पदार्थ या एका छपराखाली भेटतात. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. शहरात आलेल्या मुलांना आजीच्या हातची भाजी करता येत नाही, हे दुःख आपल्याकडेही तितकंच आहे. इथे त्यावर कोणीतरी रोज सकाळी चूल पेटवून उत्तर देतंय.

आई ताटली घेऊन थंड टेबलाभोवती हळूहळू फिरली. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, ताज्या रानओव्याच्या पानांची कोशिंबीर, डाळिंबाचा आंबट काकवीसारखा रस घातलेले ऑलिव्ह आणि अक्रोड, बारीक दलियाचा मसालेदार 'किसिर'. मग एका भांड्यापाशी थांबून म्हणाली, "अगं, ही तर घोळ!" खरोखर घोळच होती. आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवते, पावसाळ्यात बाजारात जुडी मिळते, तीच मांसल पानांची आंबूस भाजी. तिथे तिला सेमिझोतु म्हणतात आणि कच्चीच घट्ट दह्यात लसूण घालून कालवतात. आपण ती परतून डाळीत किंवा ताकात करतो, कच्ची खायचं कधी सुचलंच नव्हतं. दाताखाली किंचित कुरकुरते आणि मागून दह्याचा गारवा. आईने ती दोनदा घेतली, आणि आता घरी तशीच करते.

गरम पातेल्यांपाशी तिने छोल्यांच्या रस्स्याकडे बोट दाखवलं. डाववाल्याने मान हलवली, "एत वार," म्हणाला, म्हणजे यात मांस आहे. मी काही विचारायच्या आत त्याने आमचा प्रश्न ओळखला होता. मग त्याने एकेका पातेल्याचं झाकण उघडून नाही, नाही, हो असं दाखवत नेलं आणि शेवटी वांगी-टोमॅटोचं कालवण आणि दलियाचा भात स्वतःच वाढला. मागे रांग वाढत होती, पण त्याने आईला घाई केली नाही. जेवणाची चव मी विसरेन एखाद वेळेस, ती झाकणं नाही विसरणार.

शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवा: तुर्कस्तानात भाजी म्हणजे मांसविरहित असं धरून चालू नका. भाजी, डाळ, भात, कशातही हाडांचा रस्सा असू शकतो. ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढतात त्या 'झेइतिनयाली' भाज्या बहुधा सुरक्षित. तरी 'एतसिझ', म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द पाठ करून जा आणि प्रत्येक वेळी विचारा.

नवऱ्याने 'पेर्दे पिलाव' घेतला. सिइर्तकडचा हा लग्नातला भात: कोंबडी, बदाम आणि बारीक मनुके घातलेला, वरून पिठाच्या पातळ पारीत बंद करून भाजलेला. पारी फोडली की आतून मिऱ्याचा वास येतो. त्याबरोबर त्याने 'केशकेक'ही घेतला, गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून घोटलेला. 2011 मध्ये युनेस्कोने याची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. भात त्याला फार आवडला. केशकेक पौष्टिक असेल, पण त्याच्या मते चवीला सपक.

आता भोपळा. मी इथवर लिहितेय ते खरं म्हणजे या भोपळ्यासाठी. लाल भोपळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात भिजवून, धुऊन, मग पाकात शिजवतात. आग्र्याच्या पेठ्यासाठी कोहळा चुन्यात भिजवतात तोच हा हिशोब, पण इथे परिणाम वेगळा होतो. फोडीवर काचेसारखा पातळ थर धरतो. चमच्याने दाबली तर दबत नाही. दाताने तोडली की कट्‌ असा आवाज येतो आणि आतला मऊ गर पाकासकट तोंडात उतरतो. वरून तिळाचं पातळ कूट, म्हणजे ताहिनी, ओतलेली, आणि भरडलेले अक्रोड. ताहिनीची किंचित कडवट चव नसती तर तो पाक गोडमिट्ट झाला असता. आमच्या तिघांत एक ताटली मागवली होती आणि दुसरी मागवावी लागली. अख्खं हिरवं अक्रोड, वांगं, टोमॅटो, ऑलिव्ह हेही असेच पाकात मुरवलेले मिळतात. अक्रोड जरूर घ्या. ऑलिव्हचा मुरंबा मला नाही रुचला.

लिराचे भाव इतके बदलतात की आकडा लिहिण्यात अर्थ नाही. नाक्यावरच्या साध्या खानावळीपेक्षा इथे जास्त पडतात, आणि थंड टेबलावर हात सैल सोडला तर वजन भराभर वाढतं. तरीही मला हे पैसे योग्य वाटले.

जायचं तर दुपारी बाराच्या सुमारास जा, तेव्हा पातेली भरलेली असतात. शनिवार-रविवारी अख्खं शहर काडिकॉयच्या बाजारात उतरतं, म्हणून आठवड्यातला मधला दिवस धरा. ताक म्हणून 'आयरान' घ्या, मीठ घातलेलं आणि फेसाळ. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जेवण झाल्यावर लगेच बोट पकडू नका. मोडाच्या किनाऱ्यापर्यंत सावकाश चालत जाता येतं आणि तिथे झाडांखाली चहा मिळतो.