बेळगाव परिसरातील बागेसाठी बहुवर्षायू फुलझाडे: पिओनी, डे-लिली, शेवंती की निशिगंध?

थंड प्रदेशांतील बागांसाठी सुचवलेल्या बहुवर्षायू फुलझाडांच्या याद्या आता आपल्याकडेही सहज वाचायला मिळतात, आणि कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांच्या अंगणात पिओनीचे ताटवे पाहून आलेले टिळकवाडीतील किंवा निपाणीतील आई-वडील तीच झाडे आपल्या दारात लावता येतील का, असा विचार करू लागतात. घरासमोरच्या अर्ध्या गुंठ्यात एकदा लावून पुढची काही वर्षे फुले घेण्याचा ज्यांचा मानस आहे, त्यांनी खरेदीपूर्वी ही तुलना जरूर वाचावी.

त्या याद्यांमध्ये झाडाचा काटकपणा प्रामुख्याने एकाच कसोटीवर मोजलेला असतो: हिवाळ्यात पारा किती खाली गेला तरी मुळे जिवंत राहतात. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशावरील तिसऱ्या विभागात वर्षातील सर्वांत थंड रात्री तापमान सरासरीने उणे 40 ते उणे 34 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि पिओनी तेथेही तग धरते. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरील बेळगावात मात्र डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण 12 ते 15 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे थंडीने झाड मरेल ही भीती आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आपल्याकडची झाडे जातात ती जुलै-ऑगस्टच्या पावसात, मुळाशी पाणी तुंबून. म्हणून या भागासाठी प्रत्येक झाडाला दोन प्रश्न विचारायला हवेत. कळी धरण्यासाठी त्याला कडक थंडी लागते का? आणि सततच्या ओलीत त्याचे कंद किंवा मुळे किती दिवस टिकतात?

पहिल्याच प्रश्नावर पिओनी बाद होते. तिच्या मुळांच्या गड्ड्यावर लालसर डोळे असतात आणि ते डोळे पाच अंशांखालच्या थंडीत कित्येक आठवडे राहिल्याशिवाय त्यांतून फूल येत नाही. थंड देशांत हीच झाडे पन्नास वर्षांहून अधिक काळ एका जागी फुलतात, कारण तेथील हिवाळा ही अट दरवर्षी आपोआप पूर्ण करतो. बेळगावात फार तर पाने येतील. ट्युलिपचे कंद फ्रिजमध्ये तीन-साडेतीन महिने ठेवून एकदा फुलवता येतात, परंतु आपल्या हवेत ते पुढील वर्षासाठी पुन्हा भरत नाहीत, त्यामुळे दरवर्षी नवीन कंद घेणे आले. मग ते बहुवर्षायू कसले? सावलीत पानांसाठी लावल्या जाणाऱ्या होस्टालाही हिवाळी विश्रांती हवी असते. लॅव्हेंडरची अडचण वेगळी आहे: त्याला कोरडी हवा आणि चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन मानवते, आणि खानापूरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत व दमट पावसाळ्यात त्याची मुळे कुजतात.

थंड देशांतील झाडांपैकी आपल्याकडे खरोखर विचार करण्याजोगे झाड म्हणजे डे-लिली. तिची मुळे मांसल असून पाणी व अन्न साठवून ठेवतात, त्यामुळे एप्रिलच्या उन्हातही झुडूप तग धरते आणि पावसातील ओलही बहुतेक इतर कंदांपेक्षा चांगली सोसते. एक फूल एकच दिवस टिकते, पण एका दांड्यावर बऱ्याच कळ्या असल्यामुळे बहर काही आठवडे चालतो. मात्र जात निवडताना डोळसपणा हवा. डे-लिलीमध्ये हिवाळ्यात पाने पूर्ण सुकवून झोपी जाणाऱ्या जाती असतात आणि वर्षभर हिरव्या राहणाऱ्याही असतात. 1975 साली बाजारात आलेली प्रसिद्ध पिवळी ‘स्टेला डी ओरो’ पहिल्या गटातील आहे, आणि उष्ण प्रदेशांत ती तिच्या कीर्तीइतकी खुलत नाही. आपल्यासाठी सदाहरित गटच योग्य होय, आणि विक्रेत्याला ही माहिती देता येत नसेल तर खरेदी पुढे ढकलणे बरे. घरात मांजर असल्यास मात्र हे झाड लावूच नये, कारण डे-लिलीचा कोणताही भाग खाण्यात आल्यास मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तिच्या तुलनेत निशिगंधाला थंडी अजिबात नको असते. मूळ मेक्सिकोतील हे झाड थंड देशांत हिवाळ्यापूर्वी जमिनीतून उपटून घरात ठेवावे लागते, तर आपल्याकडे तीन वर्षे त्याच जागी ठेवता येते. एप्रिल-मेमध्ये कंद लावले की पावसाळ्यात दांडे येऊ लागतात, म्हणजे गणपतीच्या दिवसांत घरची फुले मिळतात, आणि थंडी वाढली की बहर ओसरतो. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेला आलेली पिल्ले पुढे फुलतात, म्हणूनच तिसऱ्या वर्षानंतर बेट दाट होऊन दांडे बारीक पडू लागतात आणि कंद काढून, निवडून पुन्हा लावावे लागतात. हारासाठी सुटी फुले हवी असतील तर सिंगल (एकेरी पाकळ्यांची), फुलदाणीसाठी दांडे हवे असतील तर डबल (दुहेरी पाकळ्यांची), ही निवड सोपी आहे. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेली ‘शृंगार’ ही सिंगल जात मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतील सूक्ष्म कृमींना, दाद देत नाही, त्यामुळे ज्या वाफ्यात या कृमींना पोसणारी वांगी-टोमॅटो पूर्वी होती, तेथे तिचाच विचार करावा. निशिगंधाचा खरा शत्रू साचलेले पाणी हाच आहे, आणि सपाट जमिनीत त्याची कंदकूज ठरलेली.

माझे मत विचाराल तर पहिला मान शेवंतीला द्यावा. ती दोन्ही जगांची आहे: थंड देशांतही ती बहुवर्षायू म्हणून लावतात, फक्त तेथे ती वसंतात लावून मुळे नीट रुजू द्यावी लागतात, शरदात कुंडीत फुललेली आणलेली रोपे सहसा पहिल्याच हिवाळ्यात मरतात. आपल्याकडे त्या संकटाचा प्रश्नच नाही. बहर संपल्यावर जानेवारीच्या अखेरीस झाड जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटावे आणि बुंध्याजवळची माती हाताने सारून पाहावी. जुन्या, काष्ठमय खोडाभोवती फिकट हिरव्या काश्या जमिनीतून वर येताना दिसतात आणि प्रत्येकीला खाली स्वतःची पांढरी मुळे असतात. या काश्या म्हणजेच पुढच्या वर्षाचे झाड. एप्रिल-मेमध्ये त्या वेगळ्या करून गादीवाफ्यावर लावाव्यात, महिन्याभराने शेंडा खुडावा, आणि दिवस आखूड होऊ लागले की कळी धरते व दसरा-दिवाळीपासून फुले सुरू होतात. झिप्री ही आपल्या भागात परिचित असलेली पिवळी जात सुट्या फुलांसाठी उत्तम. शेवंतीची मेहनत मात्र डे-लिलीपेक्षा निश्चित जास्त आहे, कारण दरवर्षी काश्या वेगळ्या न केल्यास झाड दाटून मावा पडतो आणि फूल लहान होते.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. बाजारात मिळणारा गलांडा सहसा एकाच हंगामाचा असतो, आणि त्याचा थंड देशांतील बहुवर्षायू भाऊही ओल्या, भारी जमिनीत फार काळ जगत नाही. अबोली अर्धसावलीत, पूर्वेकडील भिंतीच्या कडेला वर्षानुवर्षे फुलते आणि वेणीसाठी तिला तोड नाही. ज्या कोपऱ्यात छपराचे पाणी पडते तेथे कर्दळ लावावी. ती ओल मागूनच घेते.

जागेप्रमाणे निर्णय बदलतो. बेळगाव शहरात वर्षाला सुमारे 1,300 मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेकडे जांबोटी-कणकुंबीत तो कितीतरी अधिक, तर अथणीत शहराच्या निम्म्याहून कमी. म्हणून खानापूर तालुक्यात निशिगंध लावायचाच असेल तर तो वीतभर उंच गादीवाफ्यावर किंवा कुंडीत, आणि जमिनीत कर्दळ, अबोली व डे-लिली. निपाणी-चिकोडीच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत शेवंती व निशिगंध दोन्ही होतात, पण वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू भरपूर मिसळून सरीतून पाणी बाहेर जाण्याची वाट आधी काढलेली असावी. अथणीच्या बाजूला पाऊस कमी असल्याने निशिगंध सर्वांत निर्धास्त, फक्त उन्हाळ्यात पाण्याची सोय हवी. गोकाक परिसरातील वाचकांना अरभावीचे उद्यानविद्या महाविद्यालय जवळ आहे आणि कंद घेण्यापूर्वी तेथे मातीबद्दल विचारून घेणे केव्हाही चांगले.

एकच झाड घ्यायचे असेल आणि देखभालीला वेळ नसेल तर सदाहरित डे-लिली घ्यावी. आठवड्यातून दोनदा बागेत हात घालण्याची हौस असेल तर शेवंती. आणि घरी पूजेसाठी फुले हवी असून पाण्याचा निचरा नीट होत असेल तर निशिगंध. लागवड एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत उरकावी, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसापूर्वी मुळे जमीन धरतात.