साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे दोन शिकारी: थॅनासिमस की रायझोफॅगस?

युरोपातल्या सूचिपर्णी जंगलात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांविरुद्ध मित्रकीटक वापरायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: थॅनासिमस फॉर्मिकॅरियस आणि रायझोफॅगस ग्रँडिस. दोघेही भुंगेरेच आणि दोघांचंही खाद्य सालीखालचे भुंगेरे. पण "यातला चांगला कोणता?" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. आधी झाडाची साल थोडी सोलून आत कोण आहे ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

आत इप्स टायपोग्राफस असेल, तर गाठ सामूहिक हल्ल्याशी आहे. चार-पाच मिलिमीटरचा हा भुंगेरा कामगंध सोडून हजारो जातभाईंना एकाच स्प्रूसवर (हे एक सूचिपर्णी झाड) बोलावतो. झाड बचावासाठी सोडतं ती राळ कमी पडते आणि झाड मरतं. दुसरी शक्यता डेन्ड्रोक्टोनस मायकन्सची. साल पोखरणाऱ्या युरोपीय भुंगेऱ्यांमध्ये आकाराने सगळ्यात मोठा हाच, पण चाल अगदी वेगळी. यात सहसा एकटी मादी जिवंत झाडात घुसते, राळ सहन करते आणि आत अंडी घालते. अळ्या खांद्याला खांदा लावून एकाच कप्प्यात साल खात पुढे सरकतात आणि मागे विष्ठेचा भुसा दाबून ठेवतात. झाड लगेच मरत नाही, वर्षानुवर्षं खंगत जातं.

थॅनासिमस सात ते दहा मिलिमीटरचा. डोकं काळं, छाती तांबडी, पंखांवर पांढरे पट्टे. घाईघाईने चालताना मोठ्या मुंगीसारखा दिसतो. तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही. इप्स, पाइनवरचा टोमिकस आणि सालीत राहणाऱ्या इतर कितीतरी जाती त्याला चालतात. इप्सचा कामगंध हाच त्याच्यासाठी जेवणाचा सांगावा. प्रौढ सालीवर उतरणारे भुंगेरे पकडून खातात, मादी सालीच्या भेगांत अंडी घालते आणि गुलाबीसर अळ्या बोगद्यांत शिरून आतल्या अळ्या फस्त करतात. म्हणजे शिकार सालीच्या बाहेरही होते आणि आतही.

रायझोफॅगस याच्या अगदी उलट: चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी, सडपातळ, दिसायला काहीच नाही. निसर्गात त्याचं लक्ष्य जवळपास एकच, ते म्हणजे मायकन्स. दबलेल्या भुशाचा वास त्याला दुरूनही कळतो. तो कप्प्यात शिरतो, तिथेच अंडी घालतो आणि मग प्रौढ व अळ्या मिळून मायकन्सच्या अळ्यांवर तुटून पडतात. मायकन्सची एकत्र राहण्याची सवयच इथे तिच्या मुळावर येते.

आता पैदाशीचं. माझ्या मते खरा फरक इथे पडतो, आणि तुलना करताना याच गोष्टीचा बहुतेकांना विसर पडतो. थॅनासिमसच्या अळ्या एकमेकींनाही खातात, त्यामुळे त्या वेगवेगळ्या ठेवून वाढवाव्या लागतात. प्रयोगशाळेला ते जमतं, पण जंगल भरेल एवढी संख्या काढणं फार खर्चिक. रायझोफॅगसच्या अळ्या गटानेच खातात, म्हणून ओंडक्यांत मायकन्सच्या अळ्या देऊन त्याची मोठी पैदास होऊ शकते. बेल्जियममध्ये हे तंत्र चांगलं विकसित झालं.

पुरावाही रायझोफॅगसच्या बाजूने आहे. मायकन्स कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशात पोहोचल्यावर १९६० च्या दशकात तिथे रायझोफॅगसला सोडण्यात आलं. ब्रिटनमध्ये मायकन्स १९८२ मध्ये सापडली आणि १९८४ पासून बाधित जंगलांत रायझोफॅगस सोडायला सुरुवात झाली. मायकन्स तिथून नाहीशी झालेली नाही, पण शिकारी स्थिरावला तिथे नुकसान आटोक्यात आलं. मात्र घाई असेल तर हा मार्ग नाही. त्याला बस्तान बसवायला काही वर्षं द्यावी लागतात.

थॅनासिमस बाहेरून आणून सोडण्याचा एक जुना प्रयोग झाला होता. १८९२ च्या सुमारास अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ ए. डी. हॉपकिन्स यांनी जर्मनीतून तो वेस्ट व्हर्जिनियात नेला, पण तिथे तो टिकला नाही. युरोपात तर तो आधीपासूनच आहे. तेव्हा विकत आणून सोडण्याचा विचार बाजूला ठेवा आणि आहे त्याला राहायला जागा द्या.

ती जागा म्हणजे जाड साल. थॅनासिमसची अळी बाहेरच्या सालीत कोषाची खोली कोरते. पाइनच्या जाड सालीत हे सोपं, स्प्रूसच्या पातळ सालीत कठीण. डिसेंबर १९९९ च्या वादळांनंतर फ्रान्समध्ये झालेल्या पाहणीत, जवळपास पाइन असलेल्या जंगलांत शिकाऱ्यांचं भक्ष्याशी प्रमाण जास्त आढळलं. शुद्ध स्प्रूसची लागवड असेल, तर मधून काही पाइन राखणं शिकारी सोडण्यापेक्षा जास्त उपयोगी. (रायझोफॅगसला ही अडचण नाही. त्याच्या अळ्या खाली पडून मातीत कोषात जातात.)

स्वतःच्या आणखी दोन सवयी तपासा. इप्ससाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांत थॅनासिमसही अडकतो, कारण वास तोच. सापळे रिकामे करताना पट्टेवाले भुंगेरे वेगळे काढून सोडून द्या. दुसरं म्हणजे, इप्स उडून गेलेलं वाळकं झाड घाईने हलवू नका. शिकारी भक्ष्यापेक्षा सावकाश वाढतो आणि बऱ्याचदा तो अजून आतच असतो. ज्या झाडात इप्स अजून आहे, ते मात्र वेळेत तोडून बाहेर काढायलाच हवं.

तर निवड अशी. सालीखाली मायकन्स असेल आणि त्या भागात रायझोफॅगस नसेल, तर तो मागवा, फक्त त्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. इप्स असेल तर रायझोफॅगसवर एक पैसाही घालवू नका. थॅनासिमससाठी पाइन राखा. आणि वादळाने झाडं आडवी झाली असतील किंवा दुष्काळाने स्प्रूस तहानलेले असतील, तर इप्सच्या उद्रेकापुढे थॅनासिमसही एकटा पुरणार नाही. २०१८ च्या दुष्काळानंतर चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीत तो होताच, तरीही स्प्रूसची जंगलं मोठ्या प्रमाणावर वाळली. अशा वर्षी पडलेली आणि लागण झालेली झाडं नवी पिढी उडण्याआधी बाहेर काढणं हेच पहिलं काम.