नॉर्स पेगनिझम वाचायचाय? मग कुठलं पुस्तक घ्यायचं नि कुठलं तिथेच ठेवून द्यायचं

"थॉरचे पिक्चर बघून झाले, गॉड ऑफ वॉर खेळून झाला, आता खरं काय होतं ते वाचायचंय, एक चांगलं पुस्तक सांग ना" असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात आणि मी दर वेळी उलट विचारते, की तुला गोष्टी हव्यात, का त्या काळची माणसं खरंच काय मानायची ते हवंय, का आज जे लोक हा धर्म पाळतात त्यांच्यासारखं काही करून बघायचंय? कारण हे तीन वेगवेगळे कप्पे आहेत, आणि ऑनलाइन शोधलं की तिन्ही एकत्र समोर येतात, सगळ्यांच्या कव्हरवर तोच कावळा, तीच कुऱ्हाड नि तेच धुकं.

नॉर्स पेगनिझम म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंडकडे ख्रिश्चन व्हायच्या आधी लोक मानायचे तो जुना धर्म. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या धर्माची पोथी नाही. पूजाविधीचं पुस्तकसुद्धा नाही. ओडिन, थॉर, फ्रेयाला मानणारे लोक रून लिपीत कोरायचे खरं, पण ते दगडावर, लाकडावर, हाडावर, आणि बरेचदा अमक्याने तमक्याच्या आठवणीत हा दगड उभा केला एवढंच. आइसलंड इसवी सन १००० च्या आसपास ख्रिश्चन झालं, तिथल्याच स्नॉरी स्टर्लुसनने त्याची एडा, म्हणजे जुन्या देवांच्या कथांचं पुस्तक, लिहिली साधारण १२२० मध्ये, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांनी, आणि तो स्वतः ख्रिश्चन. जुन्या कवितांचं मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, १२७० च्या आसपासचं. म्हणजे आपल्या हातात येतं ते सगळं खापरपणतवंडांनी लिहून ठेवलेलं.

म्हणून माझी पारख एकच आहे. पुस्तक मधेच कुठेही उघडायचं, एखादं ठाम वाक्य पकडायचं, आणि हे कुठून आलं ते लेखक सांगतो का बघायचं. उदाहरणार्थ, स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळात दर नऊ वर्षांनी माणसांचे बळी द्यायचे हे सगळीकडे छापलेलं सापडतं. ते येतं ब्रेमेनच्या अॅडमकडून, हा १०७० च्या दशकात लिहिणारा जर्मन पाद्री, उप्सालाला कधी गेलाच नव्हता, ऐकीव माहितीवर लिहिलंय, आणि पेगन लोक किती भयंकर हे दाखवण्यात त्याला रस होता. याचा अर्थ बळी देतच नव्हते असा नाही, पण हे सगळं सांगून मग पुढे जाणारं पुस्तक आणि "व्हायकिंग लोक दर नऊ वर्षांनी..." असं ठोकून मोकळं होणारं पुस्तक, यातलं दुसरं घ्यायचंच नाही, कव्हर कितीही भारी असू दे.

आता गोष्टींचा कप्पा. इथे लढत नील गेमन (२०१७) आणि केविन क्रॉसली-हॉलंड (१९८०) यांच्यात. गेमनचं पुस्तक एका बैठकीत संपतं, संवाद खुसखुशीत, खोड्या काढणारा लोकी एकदम जिवंत वाटतो, इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्यालाही झेपेल. पण कुठला संवाद मुळातला आणि कुठला गेमनचा हे कळायला मार्ग नाही, टिपा नाहीत. क्रॉसली-हॉलंडमध्ये ३२ गोष्टी आहेत, भाषा जरा भारदस्त, आणि मागे प्रत्येक गोष्टीवर टिपा, ही कथा कुठे आली, कुठल्या पाठात काय वेगळं आहे. शिकायचं म्हणून घेत असाल तर दुसरं. गेमन लायब्ररीतून आणा नाहीतर भाचीला वाढदिवसाला द्या.

खरी मजा मात्र मूळ साहित्यात आहे, आणि "ते फार जड असेल" म्हणून लोक उगाच घाबरतात. एडा दोन. एक स्नॉरीची, गद्य, तिला प्रोज एडा म्हणतात. दुसरी कवितांची, पोएटिक एडा, तिचे कवी कोण ते कुणालाच माहीत नाही. बरेच जण सांगतात की कविता जुन्या, म्हणून आधी त्या वाचा. मला नाही पटत. त्या कविता ऐकणाऱ्यांना कथा आधीच पाठ होत्या, कीर्तनाला बसलेल्याला रामायण ठाऊक असतं तशा, त्यामुळे कवी नुसता इशारा करतो नि पुढे जातो आणि आपण बसतो डोकं खाजवत. स्नॉरी मात्र नीट बसवून सांगतो, हा कोण, हिचा बाप कोण, तो हातोडा कुणी घडवला. म्हणून आधी स्नॉरी. फक्त त्याची प्रस्तावना वाचून गडबडू नका, तिथे तो म्हणतो की हे देव म्हणजे मुळात ट्रॉयहून आलेली माणसं होती. ख्रिश्चन लेखकाने जुन्या देवांच्या गोष्टी लिहायच्या तर असं काहीतरी बोलून घ्यायला लागत असणार, असं माझं मत.

स्नॉरीसाठी दोन अनुवाद समोर ठेवा. जेसी बायॉकचा पेंग्विनवाला (२००५) वाचायला सोपा, पण पूर्ण नाही, दुसरा भाग कापलेला आहे आणि छंदांवरचा शेवटचा भाग घेतलेलाच नाही. अँथनी फॉल्क्सचा (१९८७) अख्खा आहे, आणि व्हायकिंग सोसायटी फॉर नॉर्दर्न रिसर्च या संस्थेच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. पण अख्खा म्हणजे अख्खा, सोन्याला काय काय म्हणता येतं, जहाजाला काय म्हणता येतं अशा याद्यांची पानंच्या पानं. पहिल्या वाचनाला बायॉक, मग काही शोधायचं असेल तेव्हा फॉल्क्स उघडायचा, पैसे पण वाचले.

पोएटिक एडाचे अनुवाद मोजायला बसलं तर संपायचेच नाहीत, पण प्रश्न येतो मुख्यतः कॅरोलिन लॅरिंग्टन का जॅक्सन क्रॉफर्ड इथे. दोन्ही चाळताना थ्रिमची कविता काढा. थॉरचा हातोडा थ्रिम नावाच्या राक्षसाने पळवलाय, त्याला बदल्यात फ्रेया बायको म्हणून हवीय, ती संतापून नकार देते, तेव्हा थॉरलाच नवरीचा शालू, दागिने, कमरेला किल्ल्या असं सजवून पाठवतात. लग्नाच्या पंगतीत ही नवरी एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते, वर बायकांसाठी वेगळी काढलेली पक्वान्नं, आणि तीन पिंपं मीड, म्हणजे मधाची दारू. थ्रिम चक्रावतो की बाईमाणूस असं खातं कुठे, तर शेजारी दासी बनून बसलेला लोकी म्हणतो, तुमच्याकडे यायच्या ओढीने बाईंनी आठ रात्री अन्नाला शिवलं नाही हो! क्रॉफर्डमध्ये (२०१५) हे वाचताना फस्सकन हसू येतं, त्याचं इंग्रजी आजचं, बोलीतलं, सरळ. लॅरिंग्टनचं (ऑक्सफर्ड, १९९६, सुधारित २०१४) किंचित कोरडं, पण प्रत्येक कवितेआधी छोटी ओळख, मागे टिपा, नावांची सूची, आणि शिकणाऱ्याला नेमकं हेच लागतं. क्रॉफर्डमध्ये टिपा मोजक्याच. मी लॅरिंग्टनला मत देईन, पण इंग्रजी कवितेशी फार सख्य नसेल तर क्रॉफर्ड घेतलात तरी बिघडत नाही. हॉलंडरचा जुना अनुवाद मुळातला अनुप्रास इंग्रजीत धरायला जातो आणि त्यासाठी असे पुराणे शब्द काढतो की शब्दकोश मांडीवर घेऊन बसावं लागतं. इंग्रजी आपली दुसरी भाषा, त्यात ही कसरत कशाला.

आता अभ्यासाचा कप्पा, हा मला सगळ्यात आवडतो. हिल्डा एलिस डेव्हिडसनचं पेंग्विनचं पुस्तक (१९६४) आजही पहिलं म्हणून सुचवलं जातं आणि सुचवण्यासारखं आहेच, बाई लिहितात छान, कविता, सागा (आइसलंडच्या जुन्या गद्य कथा), थडगी, दागिने सगळं एकत्र आणतात, कुठेही फुशारकी नाही. अडचण सालाची. दक्षिण स्वीडनमध्ये लुंडजवळ उपोक्रा इथे २००० नंतरच्या उत्खननात एक छोटी पूजेची इमारत सापडली, शेकडो वर्षं त्याच जागी पुन्हा पुन्हा बांधलेली, आत पेला, काचेचं भांडं, सोन्याच्या पत्र्याच्या शंभराहून जास्त बारीक आकृत्या. हे १९६४ च्या पुस्तकात असणार कुठून? स्वीडनमधल्याच बिर्काचं थडगंही तसंच, १८७८ मध्ये उकरलेलं, शस्त्रं नि घोडे बघून सगळे त्याला पुरुष योद्धा धरून चालले, २०१७ मध्ये डीएनए तपासलं तर बाई निघाली. म्हणून डेव्हिडसन वाचाच, पण त्यावर थांबू नका. पुढे नील प्राइसचं चिल्ड्रन ऑफ ॲश अँड एल्म (२०२०) घ्या, तो स्वतः पुरातत्त्ववाला, बिर्काच्या त्या अभ्यासातही होता. पुस्तक एकूण व्हायकिंग काळावर आहे, धर्म हा त्यातला एक तुकडा, पण रसाळ. त्याचंच द व्हायकिंग वे जादूटोण्यावर, सेइद्रवर आहे, फार खोल आणि फार जाड, ते नंतर कधीतरी.

जॉन लिंडोचं पुस्तक आणि रुडॉल्फ सिमेकचा कोश, दोन्ही अ ते ज्ञ पद्धतीचे, सलग वाचायचे नाहीत. लिंडो देवांच्या कथांपुरता राहतो आणि प्रत्येक नोंदीत कुठली कविता, कुठला सागा ते देतो. सिमेक जास्त पसरट, जर्मन प्रदेशातल्या फक्त शिलालेखात नाव उरलेल्या देवतासुद्धा त्यात मिळतात. घरी एकच ठेवायचा तर लिंडो.

एक जरा बाजूचं बोलते. थॉरबद्दल वाचताना आपल्याला लगेच इंद्र दिसायला लागतो, वीज, शस्त्र, महासर्पाशी वैर, सोमासारखं पेय. फ्रान्समध्ये जॉर्ज ड्युमेझिलने अख्खी कारकीर्द अशा तुलनेत घालवली आणि त्यात दम आहे, टर्व्हिल-पीटरच्या नॉर्स धर्मावरच्या १९६४ च्या जाड ग्रंथावर त्याची छाप स्पष्ट दिसते. पण ड्युमेझिलच्या मांडणीवर वाद पण भरपूर झालेत, आणि व्हॉट्सॲपवर फिरतं तसलं "बघा, सगळं इथूनच गेलं" हे त्याने कधीच म्हटलं नव्हतं. ती चव घेऊन वाचायला बसलात तर कुठलंही पुस्तक वाया जाईल.

तिसरा कप्पा, आज पाळायचं असेल तर. इथे जरा जपून. आइसलंडमध्ये १९७२ मध्ये आसात्रूआर्फेलागिद ही हा धर्म आज पाळणाऱ्यांची संस्था सुरू झाली, पुढच्या वर्षी सरकारी मान्यता मिळाली, अमेरिकेत द ट्रॉथ १९८७ पासून आहे आणि तिथे वंशाची अट नाही. पॅट्रिशिया लाफेल्व्हचं किंवा डायना पॅक्सनचं पुस्तक घेतलंत तर ब्लोट (देवांना अर्पण करायचा विधी) म्हणजे काय, सुंबेल (पेला उंचावून करायचा विधी) कसा करतात हे साध्या भाषेत मिळतं. दुसरीकडे स्टीफन मॅकनॅलन आणि त्याची आसात्रू फोक असेंब्ली, यांचं म्हणणं हा धर्म रक्तातून येतो, उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचाच. पुस्तकाच्या पाठीवर "आमचे पूर्वज", "लोकांचा आत्मा", "मेटाजेनेटिक्स" असं दिसलं की समजायचं, तुम्ही-आम्ही त्यांना दारात पण नकोय. २०१६ मध्ये बऱ्याच हीदन (म्हणजे हाच धर्म पाळणाऱ्या) गटांनी मिळून या संस्थेशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं, डिक्लरेशन १२७ म्हणून. या सगळ्या भानगडीवर स्टेफनी फॉन श्नुरबाइनचं नॉर्स रिव्हायव्हल (२०१६) आहे, ते अभ्यासू आहे आणि फुकट वाचता येतं. आणि हो, पाळायच्या पुस्तकांत "नऊ उदात्त गुण" प्राचीन म्हणून छापलेले दिसतील, ती यादी १९७० च्या दशकातली आहे. पाळा हवं तर, पण प्राचीन म्हणू नका.

रूनवर लिहायचं तर रागच येतो. राल्फ ब्लमचं १९८२ चं पुस्तक आणि सोबत मिळणारा दगडांचा सेट, त्यात २४ अक्षरं आणि एक कोरा दगड. कोऱ्या रूनला इतिहासात काडीचा आधार नाही, आणि व्हायकिंग काळात चालायची ती लिपी मुळात १६ अक्षरांची. भविष्य बघायचा खेळ म्हणून ठीक, इतिहास म्हणून नाही. त्यापेक्षा ब्रिटिश म्युझियमने काढलेलं आर. आय. पेजचं छोटं पुस्तक घ्या, पातळ आहे, खडूस आहे, आणि जादू-जादू करणाऱ्यांना तो मधून मधून चिमटे काढतो. सविस्तर हवं असेल तर मायकेल बार्न्सचं हँडबुक (२०१२).

खरेदी करताना अनुवादकाचं नाव बघितल्याशिवाय बटण दाबू नका. "द पोएटिक एडा" नावाने चकचकीत कव्हरची स्वस्त पुस्तकं ढिगाने मिळतात, आत बेलोजचा १९२३ चा नाहीतर थॉर्पचा त्याहून जुना, १८६० च्या दशकातला अनुवाद असतो, टिपा गाळून, कधी कधी अनुवादकाचं नावसुद्धा गाळून. बेलोज वाईट नाही, पण तो फुकट वाचायला मिळतो, मग पैसे कशाला. आणि फुकटच हवं असेल तर एडवर्ड पेटिटची २०२३ ची आवृत्ती ओपन बुक पब्लिशर्सच्या साइटवरून उतरवा, एका बाजूला मूळ नॉर्स, समोर इंग्रजी, खाली टिपा. फोनवर ती समोरासमोरची पानं नीट दिसत नाहीत, लॅपटॉप नाहीतर टॅब लागेल.