कीवर्ड की मेटा टॅग, आधी कशाच्या मागे लागायचं?

समजा तुम्ही देवगड हापूस घरपोच विकता, छोटीशी वेबसाईट आहे, एसईओवाल्याला (साईट गूगलमध्ये वर आणून देणाऱ्याला) द्यायला पैसे नाहीत आणि वेळही बेताचाच, तर आधी मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये सर्च इंजिनसाठी लिहायची माहिती) भरायचे की कीवर्ड (लोक गूगलमध्ये टाकतात ते शब्द) बघून पानावरचा मजकूर सुधारायचा? माझं मत विचाराल तर मजकूर. पण मेटा टॅग म्हणजे काही एकच गोष्ट नाही, घोळ तिथेच होतो.

मेटा कीवर्ड्स, म्हणजे कोडमध्ये वरती स्वल्पविराम देऊन वीस-पंचवीस शब्द कोंबतात तो टॅग, तो सोडूनच द्या. अल्टाव्हिस्टाच्या (गूगलच्या आधीचं सर्च इंजिन) जमान्यात त्याला किंमत होती, मग लोकांनी त्यात वाट्टेल ते भरलं, आणि २००९ मध्ये गूगलने जाहीरच करून टाकलं की रँकिंगसाठी (रिझल्टमध्ये कोण वर, कोण खाली ते ठरवायला) आम्ही हा बघत नाही. तरी अजून एसईओवाल्यांच्या कोटेशनमध्ये ही लाईन दिसते, दिसली तर सरळ काट मारायची.

मेटा डिस्क्रिप्शनने पण रँकिंग वाढत नाही, पण रिझल्टमध्ये लिंकखाली जो मजकूर दिसतो तो बऱ्याचदा तिथून येतो (बऱ्याचदा, कारण गूगलला वाटलं तर ते पानातलंच दुसरं वाक्य उचलतं). त्यामुळे पेटी किती डझनची, डिलिव्हरी कुठे कुठे, एवढं दोन वाक्यांत लिहा, तेही मेन पानांपुरतं.

टायटल, म्हणजे रिझल्टमध्ये लिंक म्हणून दिसतं ते पानाचं नाव, मात्र वेगळं. तांत्रिकदृष्ट्या तो मेटा टॅग नाही पण सगळे त्यातच धरतात, आणि रँकिंग आणि क्लिक दोन्हीला उपयोगी पडणारा हाच. नुसतं "होम" किंवा नुसतं दुकानाचं नाव असेल तर जागा फुकट गेली. "देवगड हापूस, ५ डझनची पेटी, पुण्यात घरपोच" असं काहीतरी हवं, आणि पानावरचं मोठं हेडिंगही त्याला धरून ठेवा, नाहीतर गूगल कधीकधी तुमचं टायटल बाजूला ठेवून हेडिंगच दाखवतं.

आता कीवर्ड. इथे खरा वेळ जातो आणि जायलाच पाहिजे. कोणी हापूस लिहितं, कोणी हापुस, कोणी अल्फान्सो, कोणी रोमन लिपीत काहीतरीच, पण चुकीची स्पेलिंग मुद्दाम भरत बसू नका, तेवढं गूगलला कळतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही गिऱ्हाईक असेल तर एकाच पानात खिचडी नको, दोन वेगळी पानं करा. शब्द कुठून मिळतात? सर्च कन्सोल (आपली साईट गूगलमध्ये कोणत्या शब्दांवर दिसते ते सांगणारं गूगलचं टूल) फुकट आहे पण नव्या साईटला तिथे काही दिसतच नाही, म्हणून आधी स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा. आंबा अढीतला आहे ना, कार्बाईड नाही ना, कच्चा पाठवता की तयार, डागी निघाला तर बदलून देता का, हे प्रश्न लोक तुम्हाला विचारतात तेच गूगललाही विचारतात. प्रत्येकाचं हेडिंग करा आणि खाली खरं उत्तर लिहा. उत्तर न देता "देवगड हापूस" वीसदा घुसडलं तर ते गूगलच्या नियमात स्पॅम धरलं जातं आणि वाचणाराही पळतो ते वेगळंच.

मेटा टॅगला पहिला नंबर द्यावा अशी वेळ एकच, साईट जुनी आहे, सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन (रिझल्टमध्ये किती वेळा दिसलात तो आकडा) भरपूर आहेत, पोझिशनही बरी आहे पण क्लिक येत नाहीत. मग आधी टायटल-डिस्क्रिप्शन बदला. आणि अजिबातच काही दिसत नसेल आणि साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) असेल, तर त्याच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनला अडवायची टिक चुकून राहिलीय का बघा, त्याने नोइंडेक्स टॅग (हे पान रिझल्टमध्ये दाखवू नका, असं सांगणारा) लागतो आणि मग कीवर्ड काय नि मजकूर काय, सगळं पाण्यात.

जे काही करायचं ते जानेवारीत करून घ्या. बदललेलं पान गूगलने परत वाचायला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि एप्रिलमध्ये सुरू केलंत तर परिणाम दिसेपर्यंत पेट्या संपत आलेल्या असतात.