पोलो जीटी टीएसआयला कोणते टायर: ग्रिपवाले की शांत?

फोक्सवॅगनची पोलो भारतात २०२२ साली बंद झाली, तरी जीटी टीएसआय या तिच्या टर्बो पेट्रोल मॉडेलचे मालक गाडी सहजासहजी विकत नाहीत. त्यामुळे टायर बदलायची वेळ आली की एकच पेच पडतो. कडक साईडवॉलचे (म्हणजे टायरची बाजू कडक असलेले), स्पोर्ट गटातले टायर घ्यावेत की मिशेलिन प्रायमसी ४ एसटीसारखे आरामाकडे झुकणारे? माझी गाडी १६ इंची चाकांची, साईझ १९५/५५ आर१६, म्हणजे टायरची रुंदी १९५ मिमी आणि बाजूची उंची तिच्या ५५ टक्के. दोन्ही प्रकार तिच्यावर वापरून झालेत. आपल्याकडे बर्फाची भानगड नाही. मे महिन्यातलं तापलेलं डांबर आणि जुलैतला ताम्हिणी घाट, एवढं टायरने सांभाळलं की झालं.

घाटात स्पोर्टवाला सरस, हे मोकळेपणाने सांगतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं नाक लगेच वळतं. प्रायमसीचा साईडवॉल आधी किंचित दबतो आणि मग गाडी वळते. खंबाटकीत पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर हा फरक हाताला जाणवतो, आणि अशी गाडी घेणाऱ्याला तो महत्त्वाचा वाटणारच. ओल्या रस्त्यावर मात्र मला दोघांत डावंउजवं करता आलं नाही. तिथे ब्रँडपेक्षा खाचांची खोली मोठी. कायद्याने १.६ मिमी चालते, पण पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर मी तरी एक्स्प्रेसवेला जाणार नाही.

माझा निर्णय झाला तो आवाजामुळे. नवे असताना स्पोर्ट टायर तक्रार करण्यासारखे नव्हते. निम्मे घासल्यावर, सिमेंटच्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढे एक घूंऽऽ सुरू झाली, ती थेट टोलनाक्यापर्यंत. आधी बेअरिंग गेलं असं वाटलं. अलाइनमेंट, बॅलन्सिंग केलं, काही फरक नाही. शेवटी मागच्या टायरवरून तळहात फिरवला: एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखे दात. रबराचा प्रत्येक ठोकळा एका कडेला जास्त झिजला होता. पोलोचं वजन पुढे, मागची चाकं हलकी. वेळच्या वेळी पुढचे-मागचे टायर अदलाबदल केले नाहीत तर असं होतं म्हणतात. मी अदलाबदल करत होतो, तरी झालं. मागे बसलेल्या आईला काही सांगायचं तर मान वळवून मोठ्याने बोलावं लागे. रोजच्या गाडीत हे फार खुपतं.

प्रायमसीही आता निम्मे झिजलेत, पण गाडीत अजून साध्या आवाजात बोलता येतं. खड्ड्यात धक्काही बोथट बसतो. अर्थात रस्ते माझे, चालवणं माझं. तुम्ही दर रविवारी घाटात जात असाल तर स्पोर्ट टायरला नाही म्हणणार नाही. बाकीच्यांनी मात्र प्रायमसी लावून एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन यावं.

२०५/५५ ची साईझही बरेचजण टाकतात. व्यास साधारण ११ मिमी वाढतो, म्हणजे गाडी साडेपाच मिमीच उचलते. एवढ्यासाठी मी मूळ साईझ सोडली नाही. आणि दुकानात साईडवॉलवरचे टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरला तरी आणून देतो.