कडब्यासाठी भाड्याचा चौकोनी बेलर: घ्यावा, पण वजनकाटा घेऊन

मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीच्या रानात बेलर, म्हणजे कडबा दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र, बोलावताना दर गठ्ठ्यावर ठरला, तर गोम तिथेच असते. गठ्ठा सैल तेवढी संख्या जास्त, आणि बिलही.

बेलरचा चेंबर, म्हणजे गठ्ठा दाबायचा कप्पा, साधारण 46 सेंमी रुंद, 36 सेंमी उंच असतो. 90 सेंमी लांबीचा गठ्ठा नीट दाबला तर 20 किलोच्या आसपास भरायला हवा. पहिले पाच गठ्ठे ताणकाट्याला टांगा. 14-15 किलोच भरले तर चेंबरच्या शेपटाकडचे स्प्रिंगचे दोन्ही बोल्ट सारखे आवळायला लावा. एकच आवळला तर गठ्ठा केळ्यासारखा वाकतो, मग थर लागत नाही. फार आवळूनही उपयोग नाही. ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, आतून मऊ भेंडाचं, चेंबरमधून सुटताच थोडं फुगतं, आणि तो सगळा ताण सुतळीच्या गाठीवर येतो.

खरी परीक्षा पाल्याची. भर दुपारी पाला पापडासारखा मोडतो. मशीनमागे पिवळा भुसा सांडत गेला तर जनावराचा चांगला घास रानातच राहिला म्हणायचं. सकाळी दवाने पाला नरमलेला पण ताट कोरडं, ही वेळ उत्तम. ऑपरेटर दुपारची वेळ देत असेल तर सरळ नाही म्हणा.

ओल ताटाच्या पेरापाशी लपते. पेरावर नख ओढा. साल सोलून निघाली तर अजून दोन-चार दिवस ऊन द्या. 15 ते 18 टक्के ओलीपर्यंत ठीक. त्याहून ओला कडबा पेंढीत खपून जातो, कारण पेंढीतून वारा खेळतो. दाबलेल्या गठ्ठ्यात ती वाफ कोंडते, आठवडाभरात आंबूस वास येतो, आत पांढरी बुरशी धरते. गंजीत लोखंडी सळई खुपसून पंधरा मिनिटांनी काढावी; हाताला सोसवत नसेल तर गंजी पेटायचा धोका आहे; एकदम मोडली तर हवा लागून पेटू शकते, म्हणून अग्निशमन दलाला बोलावूनच मोडा.

पेंढ्यांचे आळे, म्हणजे बांधलेले बंध, तोडून पेंढ्या सलग ओळीत पसरून ठेवणं आपल्याकडेच असतं. ही मजुरी हिशोबात धरा. खडखड्या रोगाने लोळलेली ताटं मातीसकट आत गेली तर गाठ मारणारा भाग अडकतो. ती वेगळी काढून पेंढ्याच बांधा.

कडबा गाडीत भरून लांब न्यायचा किंवा पत्र्याखाली रचायचा असेल तर पैसे वसूल. दावणीशेजारीच महिन्या-दोन महिन्यांत संपणार असेल तर पेंढी बरी. अवकाळीच्या भीतीने ताज्या गठ्ठ्यांवर ताडपत्री घट्ट ओढू नका; खाली लाकडं टाका, बाजू उघड्या ठेवा.